पास स्वस्त आहे म्हणून कॉलेज जवळ येत नाही

इंजिनिअरिंग, फार्मसीच्या कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्यांचे, निकाल लागायला लागले की आमच्या बदलापुरात घरोघरी तीच चर्चा सुरू होते, पोराला मुंबईचं कॉलेज लागलंय, आता रोज जायचं-यायचं की तिकडेच कुठे कॉट बघायची. आणि बहुतेक घरांत हा विषय एका चहात संपतो. लोकलचा स्टुडंट पास अर्ध्या दरात मिळतो, शे-दोनशे रुपयांत महिना निघतो. दादर-माटुंगा पट्ट्यात शेअरिंगमधली एक कॉट घ्यायची तर दहा-बारा हजारांच्या खाली कोणी बोलत नाही, वर मेस, वर डिपॉझिट, दलाल असेल तर त्याचे वेगळे. मग कशाला विचार करायचा, जाईल की गाडीने, सगळेच जातात.

माझं म्हणणं असं आहे की हा हिशोबच अर्धवट मांडलेला आहे. पासाच्या शेजारी भाडं लिहिलं की पास जिंकणारच, पण पासाच्या खाली जे लिहायचं असतं ते कोणी लिहीत नाही. त्यात आई-बापांची चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही, त्यांच्या हातात जेवढे पैसे आहेत तेवढ्यातच ते ठरवणार. मुलाने राहायचं कुठे हा प्रश्न शिक्षणाच्या खर्चात धरायचाच नाही असं आपल्या सरकारने आणि कॉलेजांनी कधीतरी ठरवून टाकलंय, आणि ते ओझं मुलांच्या झोपेवर जाऊन पडलंय, माझा राग त्याच्यावर आहे.

आधी वेळेचं बघू. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, फास्ट गाडी वेळेवर धावली तर दीड तासाच्या आत-बाहेर. कर्जत १००, कसारा १२० च्या आसपास. पण विद्यार्थ्याचा दिवस टाइमटेबलमधल्या दीड तासाचा नसतो ना. घरातून स्टेशनपर्यंत रिक्षा, प्लॅटफॉर्मवर पंधरा मिनिटं आधी उभं राहणं, मग फास्ट गाडी माटुंग्याला थांबत नाही म्हणून कुर्ल्याला किंवा दादरला उतरून स्लो पकडणं, पूल चढणं-उतरणं, पुढे चालणं. दारापासून दारापर्यंत सव्वादोन तास सहज जातात. जाऊन-येऊन साडेचार. सहा दिवस कॉलेज असेल तर आठवड्याचे सत्तावीस तास झाले, आणि कित्येक डिग्री कोर्सला आठवड्याला एवढी लेक्चरंसुद्धा नसतात. म्हणजे मुलगा शिकण्यापेक्षा जास्त वेळ शिकायला जाण्यात घालवतोय आणि तरी आपण म्हणतो की प्रवास फुकटात पडतो. कसाऱ्याच्या मुलाचं तर याहून कठीण, तिकडच्या गाड्याच मोजक्या, एक सुटली की पुढचा जवळपास तास गेलाच आणि पहिलं लेक्चरही गेलं. कल्याणच्या पुढे कर्जतकडे वर्षानुवर्षं दोनच लाइन, त्याच लाइनवरून पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम चालू आहे पण आज फर्स्ट इयरला असलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग.

यावर लगेच उत्तर येतं की गाडीत अभ्यास होतो. होतो, पण बसायला मिळालं तर. आमच्या स्टेशनवरून सुटणाऱ्या गाडीतही बसायला मिळेलच असं नाही, कारण अंबरनाथ-उल्हासनगरची माणसं डाऊन करून, म्हणजे जागेसाठी उलट्या दिशेने येऊन, आधीच बसून आलेली असतात. चौथी सीट मिळाली तर नशीब, आणि चौथ्या सीटवर बसून, म्हणजे अर्धं शरीर बाहेर, समोरच्याची बॅग तोंडावर, अशा अवस्थेत कोणी थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवत असेल तर त्याला माझा नमस्कार, पण त्याच्यावरून सगळ्यांसाठी नियम नका करू. मोबाइलवर नोट्स वाचणं होतं, लेक्चरचे व्हिडिओ बघणं होतं. पेन घेऊन लिहिणं होत नाही, आणि सायन्स-इंजिनिअरिंगचा अभ्यास हातानेच होतो.

आमच्या शेजारची मुलगी दादरच्या बाजूला इंजिनिअरिंगला आहे. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग असतं, त्याच्या शीट्स असतात, मोठा कागद गुंडाळून प्लॅस्टिकच्या नळकांड्यात घालून न्यायचा, सोबत रेघा मारायचा ड्राफ्टर. प्रॅक्टिकल संपून ती दादरला येईपर्यंत सहा वाजून जातात, म्हणजे गर्दीची ऐन वेळ. लेडीज डब्यात ते नळकांडं घेऊन चढायचं म्हणजे आतल्या बायका ओरडणार, त्यांचंही बरोबर आहे, त्या ऑफिसमधून उभ्यानेच आलेल्या असतात. एकदा शीट दबून तिच्यावर आडवी घडी पडली आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळी पुन्हा काढावी लागली. तेव्हापासून ती गर्दीच्या गाड्या सोडून देते, प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहते आणि थोडी रिकामी दिसेल ती गाडी घेते, घरी यायला साडेनऊ होतात. जेवून बसते. तिच्या खोलीतला दिवा मला रात्री बारा-साडेबाराला चालू दिसतो आणि सकाळी पावणेसहाला ती जिन्यातून उतरताना ऐकू येते. कोणी म्हणेल मेहनती मुलगी आहे. आहेच. पण तिची अर्धी मेहनत ड्रॉइंगवर चालली नाहीये, कागद सांभाळण्यावर चाललीये.

आणि जीवाचं काय? ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यातली काही मेली. त्यानंतर नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवणार असं रेल्वेने जाहीर केलं. त्या दोन गाड्यांत कर्जत आणि कसाऱ्याची गर्दी होती, म्हणजे आमचीच. मला याचं फार वाईट वाटतं की आपल्याला मुलगा खोलीवर एकटा राहिला तर कुठल्या संगतीला लागेल याची भीती रात्रभर झोपू देत नाही, पण तोच मुलगा रोज दारात लटकून जातो याची आपल्याला सवय झालीये. दोन्ही भीती खऱ्या आहेत, पण मोजताना दोन्ही मोजायला पाहिजेत.

मुलींच्या बाबतीत तर निर्णय बऱ्याचदा विचारण्याआधीच झालेला असतो. ती घरूनच जाईल. आणि घरूनच जाणार म्हणून मग कॉलेज निवडतानाच हात आखडता घेतला जातो, लांबचं चांगलं कॉलेज फॉर्मवर खाली ढकललं जातं. दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थिनींवर गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञ बाईंनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे, त्यात हेच दिसलं की रस्त्यात त्रास होण्याच्या भीतीने मुली दर्जाने कमी असलेलं कॉलेज घेतात, पण सुरक्षित रस्त्याने जाता येईल असं घेतात, आणि मुलं एवढी तडजोड करत नाहीत. आपल्याकडे याची नोंदही होत नाही. गुणपत्रिकेवर कुठे लिहिलेलं नसतं की हिला त्या कॉलेजात जागा मिळत होती पण हिने ती भरली नाही. वर घरी आल्यावर स्वयंपाकात मदत, सकाळचे डबे, हे मुलाच्या वाट्याला येत नाही ते तिच्या वाट्याला येतंच, त्यामुळे "घरी राहिली की आराम मिळतो" हे वाक्य मुलीबद्दल बोलताना जरा जपून वापरावं.

एक सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. आधी एक सेमिस्टर जाऊन-येऊन तर बघ, नाही जमलं तर खोली बघू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण होतं काय, पहिल्या सेमिस्टरला पोरगं थकतं, हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली जाते, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागतं, मॅथ्समध्ये नापास होऊन केटी लागते. मग घरात काय म्हणतात? घरी आमच्या डोळ्यांसमोर राहून हे दिवे लावले, बाहेर राहिल्यावर काय करणार. म्हणजे ज्या प्रवासाने मार्क खाल्ले तेच मार्क पुढे करून खोली नाकारली जाते. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता मी उलटंच सांगते, पैशांची सोय एकाच वर्षाची होत असेल तर ती पहिल्या वर्षाला वापरा. शिकवायची पद्धत बदललेली असते, बारावीच्या क्लासमधून आलेल्या मुलाला सगळंच नवीन असतं, मित्रही त्याच वर्षी जोडले जातात. संध्याकाळी पाचनंतर कॉलेजात जे होतं, लायब्ररी, प्रोजेक्टचे ग्रुप, सीनियर्सनी समजावून सांगणं, ते पाच वाजताच गाडीकडे पळणाऱ्याला मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला प्लेसमेंटच्या वेळी खोली घेणारे बरेच असतात, पण तोपर्यंत पॉइंटर, म्हणजे मार्कांची सरासरी, पडलेला असतो आणि कंपन्यांची पहिली चाळणी पॉइंटरचीच असते.

आता याचा अर्थ सगळ्यांनी उठून खोल्या घ्याव्यात असं मी म्हणत नाहीये. दारापासून दारापर्यंत सव्वा तासाच्या आत पोचता येत असेल, गाडी बदलावी लागत नसेल, घरात अभ्यासाला एक कोपरा मिळत असेल, तर घरीच राहावं, आईच्या हातचं जेवण आणि आजारपणात कोणी पाणी द्यायला असणं ही लहान गोष्ट नाही. सावकाराकडून व्याजाने पैसे उचलून किंवा दागिने मोडून खोली घ्यावी असंही मी कोणाला सांगणार नाही. आणि खोली म्हणजे स्वर्ग नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा कॉट, ढेकूण, सकाळी बाथरूमला रांग, मेसची तीच पातळ डाळ, दर पावसाळ्यात कोणाला ना कोणाला कावीळ, हे सगळं आहे. एकटेपणही आहे, गावाकडून आलेली अबोल मुलं पहिले दोन महिने रडून काढतात आणि घरी फोनवर सगळं मस्त आहे म्हणतात.

पण लोक दोन टोकांचाच विचार करतात, एकतर बदलापूर नाहीतर थेट माटुंगा, आणि मधलं सगळं सोडून देतात. कॉलेजच्या गल्लीतच राहायला पाहिजे असं कोणी सांगितलंय? चुनाभट्टी, कुर्ला, गोवंडी-मानखुर्दची बाजू, कळवा, ठाणे, इथे भाडं बरंच उतरतं आणि दोन तासांचा प्रवास पाऊण तासावर येतो. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो गाड्यांना बसायला मिळतं, त्या माटुंग्याला थांबतात, गाडी बदलायची भानगड नाही. किलोमीटर बघून ठरवू नका, गाडी कुठून सुटते आणि किती वेळा बदलावी लागते ते बघा. तीन-चार मुलांनी मिळून वन रूम किचन घेतलं तर पीजीपेक्षा, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहण्यापेक्षा, स्वस्त पडतं आणि स्वयंपाकही करता येतो, मात्र सोसायट्या बॅचलर म्हटलं की दार लावतात, मुलींना त्याहून जास्त प्रश्न विचारतात, हेही खरं.

कागदाचं मात्र कोणाचं ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. बऱ्याच पीजीत हे काहीच नसतं, रोख घेतात, पावती देत नाहीत, आणि मे महिन्यात डिपॉझिट मागायला गेलं की रंगकामाचे, साफसफाईचे म्हणून कापून हातात उरलेलं ठेवतात. पावती लागते कारण शैक्षणिक कर्जात राहण्या-जेवण्याचा खर्च धरता येतो, फॉर्म भरतानाच तो लिहायचा असतो, पण बँक कागद मागते आणि पीजीवाल्याकडे कागद नसतो, मग कर्ज फक्त फीचं होतं. वसतिगृह किंवा पीजीसारख्या सोयीला महिन्याला माणशी २०,००० रुपयांपर्यंत आणि सलग ९० दिवस राहणार असाल तर जीएसटी नाही, हे जुलै २०२४ पासून झालंय, तरी कोणी टॅक्सच्या नावाखाली वर मागत असेल तर देऊ नका.

हे झालं घरातलं. पण आपल्याच महाराष्ट्रात हा प्रश्न एकेकाळी किती वेगळ्या पद्धतीने बघितला गेला होता ते आठवलं की आजची अवस्था जास्त टोचते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली, कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांची राहण्या-जेवण्याची सोय करतेय. या माणसांना एक गोष्ट पक्की कळलेली होती की शाळा-कॉलेजात नाव घालून भागत नाही, रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं अन्न मिळालं तरच गरिबाचं पोर शिकेल.

आणि आज? २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी सरकारने पूर्ण माफ केली, ही खूप चांगली गोष्ट केली, मनापासून सांगते. पण कसाऱ्याच्या पलीकडच्या पाड्यावरची मुलगी फी माफ झाली म्हणून रोज पाच तास गाडीत कशी काढणार? अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांना मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला ६०,००० मिळतात. त्याची फोड बघा, जेवणाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. निवासाचे वीस हजार दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला दोन हजार. मुंबईत दोन हजारांत कोणती कॉट मिळते ते मंत्रालयातल्या कोणीतरी एकदा शोधून दाखवावं. तेही पैसे वेळेवर आले तर. जूनमध्ये डिपॉझिट भरायचं असतं आणि पैसे वर्ष सरत आल्यावर येतात अशी तक्रार ज्या त्या मुलाच्या तोंडी असते.

ग्रामीण भागात तर गाडीचा प्रश्नच वेगळा, तिथे एसटी. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली की मुक्काम कुठे करणार, म्हणून तालुक्याच्या कॉलेजातली मुलं दुपारचं प्रॅक्टिकल अर्धवट टाकून निघतात. कोरोनानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये कॉलेजं उघडली आणि त्याच सुमाराला एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. पासवर शिकणाऱ्या मुलांचं ते अख्खं वर्ष वाऱ्यावर गेलं आणि त्यांच्यासाठी कोणी वेगळी व्यवस्था केली नाही, कारण प्रवास हा मुलांचा खाजगी प्रश्न आहे असंच सगळे धरून चालतात.

मुंबईच्या बाबतीत एक गोष्ट तर आजच्या आज बदलता येईल. बऱ्याच वसतिगृहांत लोकलच्या पट्ट्यात राहणाऱ्या मुलाला अर्जच करता येत नाही, तो मुंबईचाच धरला जातो. नाशिकचा, साताऱ्याचा मुलगा बाहेरगावचा, त्याला जागा मिळावी, मिळायलाच हवी. पण बदलापूर, वांगणी, आसनगाव, पालघर इथला मुलगा लोकल धावते म्हणून स्थानिक? डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये गेली, म्हणून डहाणू मुंबईच्या जवळ नाही आलं. हद्द बघू नका, मिनिटं बघा. घरापासून कॉलेजपर्यंत गर्दीच्या वेळी किती लागतात ते रेल्वेच्या वेळापत्रकावरून कोणालाही काढता येतं, दीड तासाच्या वर असेल त्याला अर्जाचा हक्क द्या, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी द्या.

दुसरं म्हणजे जागा वाढवताना खाटा मोजा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेने २०२४-२५ पासून चांगल्या चाललेल्या कॉलेजांना प्रवेशसंख्येची वरची मर्यादा काढून टाकली, कॉम्प्युटरच्या तुकड्यांवर तुकड्या वाढतायत, वर्गखोल्या आणि लॅब तपासल्या जातात, मग या वाढीव मुलांमधली लांबून येणारी किती आणि ती राहणार कुठे हा प्रश्न त्याच फाइलवर का नको? आणि ज्यांच्याकडे वसतिगृह बांधायला जागा नाही, पैसा नाही, त्या कॉलेजांनी निदान टाइमटेबल नीट लावावं. सकाळी आठचं एक लेक्चर आणि मग थेट दुपारी दोनचं प्रॅक्टिकल, मधले तास कॅन्टीनमध्ये, असला दिवस लांबून येणाऱ्या मुलाच्या माथी मारण्यात कोणाचाच फायदा नाही. प्रॅक्टिकल दोन-तीन दिवसांत एकत्र बसवली, सुरुवात साडेदहाला केली, शनिवार मोकळा सोडला तरी मुलाला आठवड्याचे सात-आठ तास परत मिळतात आणि याला एक रुपया लागत नाही.

यंदा ज्यांच्या घरात ॲडमिशन आहे त्यांना माझी एक विनंती आहे. कागदपत्रं जमा करायला जाल त्या दिवशी वसतिगृहाचा अर्जही द्या, तुम्ही लोकलवाले म्हणून तोंडी नाही म्हटलं तरी द्या, त्यात घरापासूनचा वेळ, किती गाड्या बदलाव्या लागतात आणि शेवटचं प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं ते लिहा, आणि कॉपीवर पोच घ्या. नकार द्यायचा असेल तर तो लेखी मागा. आज नगरसेवकाला, आमदाराला विचारलं की किती मुलांना खोली हवी होती आणि मिळाली नाही, तर कोणाकडेच आकडा नाही कारण अर्जच झालेले नाहीत. बदलापूर-वांगणीच्या शे-दोनशे मुलांचे नकार एका फाइलला लागले की मग आपण ती फाइल घेऊन विद्यापीठात जाऊ, मी येते सोबत.